कासारखडकाची चाळलेली माती

आत या, पण चपला बाहेर काढा, आणि त्या लाल मातीवर पाय देऊ नका. ही आमच्या कासारखडकाची तालीम. समोर माणसे चाळणी धरून बसलीत, ती जत्रेच्या आधी हौद्यातली, म्हणजे लढतीच्या खड्ड्यातली, सगळी माती चाळतात. का म्हणून विचाराल, तर सांगतील, खडे निघावेत म्हणून. ऐकून घ्या, पण विश्वास ठेवू नका. खडेच काढायचे असते, तर ओढ्यापलीकडच्या बोरवणचा तो माणूस कडेला उभा राहून चाळणीवर डोळा कशाला ठेवील? आणि त्याच्यावर आमचा एक जण कशाला डोळा ठेवील?

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरावरचे गायरान दोन्ही गावांच्या मध्ये पडते. वर्षभर तिथे कोणाची गुरे चरायची, हे भैरोबाच्या जत्रेत ठोशांच्या लढतीवर ठरायचे, असे सांगतात. कुस्ती नव्हे, हातांनी मारायची लढत. आमच्याकडून सुभाना उतरायचा. त्याला नरसू वस्तादाने लहानपणापासून शिकवले होते. वस्ताद आधी थाप शिकवी, म्हणजे मनगटालगतच्या तळहाताने हाणायचे. मग सरळ ठोसा. मग मुटका, म्हणजे मुठीची खालची कड वरून घालायची. पण या सगळ्याच्या आधी मूठ वळायला शिकवी. चार बोटे आत, अंगठा बाहेरून आडवा. अंगठा आत ठेवून ठोसा मारला तर मारणाऱ्याचाच अंगठा मोडतो, हे इथले शेंबडे पोरही जाणते.

त्या वर्षी सुभानाची एकुलती एक लेक गोदू तापाने अंथरुणाला खिळली. झाडपाला झाला, उतारे झाले, ताप हटेना. तेव्हा त्याने भैरोबाला मुका नवस केला, म्हणे. मुका म्हणजे कोणापाशी बोलायचा नाही, बायकोपाशीही नाही. देवाचा अंगारा उजव्या मुठीत घ्यायचा, आणि पोर आपल्या पायांनी उंबऱ्याबाहेर येईपर्यंत मूठ उघडायची नाही. अंगारा देणाऱ्या गुरवाला तेवढे ठाऊक होते, आणि त्याचेही तोंड नवसाने बांधलेले होते.

सुभाना मुठीवर फडके गुंडाळून हिंडू लागला. डाव्या हाताने जेवू लागला. आता डाव्या हाताने घास घेणारा माणूस गावात लपतो होय? लोकांच्या मनात पाल चुकचुकली. कोणी म्हणाले, हात सडला असेल. कोणी म्हणाले, बोरवणकरांनी फितवला, मुठीत त्यांचेच काहीतरी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आमच्या गावात कोणी उच्चारत नाही, ती तेव्हापासून. एकटा वस्ताद तेवढा म्हणायचा, "माझ्या हाताखालचं पोर हाय त्ये. वाकडं वागायचं न्हाई."

बोरवणकडून रायाप्पा उतरला. गडी दांडगा होता, एवढे त्यांच्या बाजूने बोलतो. लढतीत फडके चालत नाही, म्हणून सुभानाने ते सोडले. उजवा हात पाठीशी धरून तो एकट्या डाव्या हाताने लढत होता, असे सांगतात. थापेमागून थाप घालत त्याने रायाप्पाला बराच वेळ लांब ठेवले. पण रायाप्पाने त्याला कडेला रेटले, गळ्याशी आला, आणि लहानपणापासून मुरलेला हात आपसूक उठला. उजव्या हाताचा मुटका रायाप्पाच्या कानशिलावर बसला. गडी पडला तो उठेना. नाकातून रक्त आले.

बोरवणकर उसळले. "मुठीत लोखंड हाय!" पंच म्हणाले, "कर न्हाई त्याला डर कशाला? उघड मूठ." सुभाना हात पोटाशी धरून म्हणाला, "माझ्या पोरीची आण हाय. उघडाया सांगू नका." लेकरावर आण घेणाऱ्याकडे माणसे आणखीच संशयाने बघतात. तरीही कासारखडकाची माणसे अजून त्याच्याच बाजूला उभी होती.

तेवढ्यात वस्ताद पुढे आला. त्याची नजर मुठीवर गेली आणि तिथेच थबकली. अंगठा आत होता. दुसऱ्या कोणाला ते खुपले नसते, पण ज्याने ती मूठ वळायला शिकवली त्याला खुपले. आपल्या शिष्याचा अंगठा आत, म्हणजे आत धरून ठेवावे असे काहीतरी आहे, एवढेच त्याला कळले.

"सुभाना, अंगठा आत का?"

"वस्ताद, तुमी तरी इचारू नका."

वस्तादाने त्याचे मनगट धरले आणि हाताच्या पाठीवर तळहाताच्या कडेचा असा फटका मारला की बोटे आपोआप सुटावीत. सुभाना तो फटका चुकवू शकला असता. पण गुरूवर हात उचलायचा नसतो, म्हणून तो तसाच उभा राहिला. मूठ उघडली. चिमूटभर राख लाल मातीवर पडली आणि वाऱ्याने पसरली. सुभाना गुडघ्यांवर बसून ती मातीतून वेचू लागला. दिवेलागणीच्या आत गोदू गेली.

बोरवणकर आजतागायत म्हणतात, राखेबरोबर लोखंडही पडले आणि आमच्यातल्या कोणीतरी त्यावर पाय दिला. त्यांचे सोडा. पण दुसऱ्या सकाळी आमचा वस्तादच चाळण घेऊन हौद्यात उतरला. त्याला लोखंड सापडायला हवे होते. बारीकसा खिळा जरी मिळाला असता, तरी ती मूठ उघडणारा त्याचा हात निर्दोष ठरला असता. तो सगळी माती चाळत राहिला. सुभाना पुन्हा कधी लढला नाही. पण तो तिथे आला, कडेला उभा राहिला आणि त्याने विचारले, "वस्ताद, गावलं का?" आवाजात राग नव्हता, असे सांगतात. मला ते खरे वाटत नाही. आणि राग नव्हताच, तर ते त्याहून वाईट.

वस्ताद मरेपर्यंत दर वर्षी चाळत होता. गायरान पुढे दोन्ही गावांनी वाटून घेतले, लढती बंद पडल्या. या तालमीत आता थाप तेवढी शिकवतात, मूठ वळायला कोणी शिकवत नाही. पण आजही जत्रेच्या आधी माती चाळून झाली, की बोरवणचा माणूस कडेवरून विचारतो, "गावलं का?" आमच्यातला सर्वांत वडीलधारा माणूस मान खाली घालून सांगतो, "अजून न्हाई." लोखंड नव्हतेच, असे म्हणायला आजवर एकाचीही जीभ रेटलेली नाही. यंदा ते उत्तर मला द्यायचे आहे.