दार तेवढं राहिलं

मुलींच्या स्वच्छतागृहाला दार मागून मागून इंग्रजीच्या वैजयंतीबाई मेटाकुटीला आल्या होत्या. तपासणीच्या दिवशी तिथे चादर टांगायची, ही शाळेची रीत. यंदा बाईंनी ती टांगलीच नाही.

शिक्षणाधिकारी साहेब भर वर्गात कडाडले, "दाराचं सोडा, शिकवण्याचं बघा! फळ्यावरच्या या रेफर, डिफर, ट्रान्सफर, सफरचं मूळ तरी माहीत आहे का?"

"आहे ना. चारींचं मूळ एकच लॅटिन क्रियापद, वाहून नेणं. रेफर म्हणजे मागे नेणं. आमचा अर्ज तुम्ही परत पाठवलात. डिफर म्हणजे लांबवणं, तेही केलंत. ट्रान्सफर म्हणजे पलीकडे नेणं. ती आता माझी कराल."

"आणि सफर?"

"सोसणं, खालून ओझं वाहणं. ते या मुली करताहेत. सगळं वाहून झालं साहेब, आता एक दार तेवढं वाहून आणा!"