मुंगीचं लाल कार्ड

इंग्रजीच्या वर्गात एक दोरी होती. दोरीवर कार्डं होती.
लाल कार्ड सांगे, कोण.
निळं कार्ड सांगे, काय करतं.

एका लाल कार्डावर होतं 'द अँट'. म्हणजे मुंगी.
शेजारी निळं कार्ड, 'रन्स'. म्हणजे पळते.
भिंतीवरची मुंगी रोज म्हणे, "माझं वाक्य! माझं वाक्य!" भारी मिरवायची!

एक दिवस वारा आला. भुर्रर्र! लाल कार्ड उडालं. कपाटाखाली गेलं.
मुलं वाचू लागली, "रन्स! पण कोण?"
बाई म्हणाल्या, "सुट्टी होऊ दे. ती संपेपर्यंत कार्ड नाही सापडलं, तर हे वाक्य काढून टाकू."

मुंगीला रडूच आलं. तिनं कार्ड ओढलं. हुं हुं! हलेचना.
निघाली मुंगी. तुरुतुरु तुरुतुरु.

"झाडूदादा, झाडूदादा, माझं कार्ड काढ."
"कोण गं तू?"
"मी मुंगी."
"काय करतेस?"
"मी पळते."
"मग पळ! मावशी उठेल, तर मी झाडेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मावशी शाळेची खिचडी रांधून दमली होती. चुलीपाशी बसली होती.
"मावशी, मावशी, झाडू घे. झाडू झाडेना, माझं कार्ड मिळेना!"
"कोण गं तू?"
"मी मुंगी."
"काय करतेस?"
"मी पळते."
"मग पळ! चहा उकळेल, तर मी उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"चहाराव, चहाराव, उकळा ना. मावशी उठेना, झाडू झाडेना, माझं कार्ड मिळेना!"
"कोण गं तू?"
"मी मुंगी."
"काय करतेस?"
"मी पळते."
"मग पळ! चूल पेटेल, तर मी उकळेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"चूलबाई, चूलबाई, पेट ना. चहा उकळेना, मावशी उठेना, झाडू झाडेना, माझं कार्ड मिळेना!"
"कोण गं तू?"
"मी मुंगी."
"काय करतेस?"
"मी पळते."
"मग पळ! फुंकणी फुंकेल, तर मी पेटेन."

तुरुतुरु तुरुतुरु. दमली बिचारी!
"फुंकणीताई, फुंकणीताई, फुंक ना. चूल पेटेना, चहा उकळेना, मावशी उठेना, झाडू झाडेना, माझं कार्ड मिळेना!"
"कशी फुंकू? माझ्या नळीत तांदळाचा दाणा अडकलाय. कोण गं तू?"
"मी मुंगी."
"काय करतेस?"
"मी पळते."
"मग पळ! माझ्या नळीतच पळ!"

मुंगी नळीत शिरली. अंधार! तरी पळाली. दाणा ढकलला. टप्प! पडला बाहेर!

फुंकणी फुंकली, फूऽऽ फूऽऽ!
चूल पेटली, भडभड!
चहा उकळला, बुडबुड!
मावशी प्याली, भुर्रक! आणि उठली!
झाडू झाडू लागला, खर्र खर्र!
आणि कार्ड निघालं!

मावशीनं ते दोरीला लावलं. घंटा झाली, ठण ठण ठण! मुलं आत आली.
बाईंनी विचारलं, "कोण पळते?"
सगळी ओरडली, "द अँट रन्स! मुंगी पळते!"
आणि मुंगी दोरीवरून पळाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत! तोंडात तांदळाचा दाणा!

कार्ड चढलं दोरीवर, दाणा गेला वारुळात, गोष्ट आली आपल्या घरात.