गुरुमायच्या पावलाचे माप

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नदीचे नाव आता कुणालाच सांगता येत नाही. नदीच्या अलीकडे एक गाव होते आणि पलीकडे एक लहानशी वाडी. गावात एक गुरुजी होते. त्यांनी बापांना शिकवले, मग त्या बापांच्या मुलांना शिकवले, आणि केस पांढरे झाल्यावर शाळा नव्या गुरुजींच्या हाती सोपवली.

लोकांना वाटले, आता म्हातारा ओट्यावर बसून सुपारी कातरील. पण गुरुजी धोतर खोचून नदीत उतरले. पाणी चढले की वाडीची मुले शाळेला मुकत, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. नदीच्या तळाशी शेवाळलेला खडक होता, त्यावर पाय ठरत नसे. गुरुजींनी मोठमोठे सपाट दगड निवडले आणि त्या खडकाच्या खाचांत एकापुढे एक बसवायला घेतले.

त्यांची पत्नी, सगळ्यांची गुरुमाय, गुडघ्यांनी अधू होती. ती भाकरी घेऊन काठावर येई.

"जन्मभर पोरांना रांगेत बसवलं," ती म्हणे, "आता धोंड्यांना बसवताय!"

"धोंडे बरे," गुरुजी म्हणत. "एकदा बसवले की उठून पळत नाहीत."

प्रत्येक दगडावर ते आधी स्वतः एका पायावर उभे राहत. डगमगला, तर पुन्हा काढून बसवत. मग गुरुमायला हात देऊन म्हणत, "आता तू चाल. तुझं पाऊल जिथं पडेल, तिथं पुढचा दगड."

"माझ्या पावलानं गाव चालणार होय?"

"तुला पुरलं की सगळ्यांना पुरलं."

अशी ती वाट झाली. दर पावसाळ्यानंतर गुरुजी हललेला दगड नीट करीत. वाडीची मुले शाळेत येऊ लागली, म्हातारी माणसे बाजाराला येऊ लागली. गुरुजींची एकुलती एक लेक सगुणा वाडीतच दिली होती. तीही आईला भेटायला त्याच दगडांवरून येई.

एका हिवाळ्यात गुरुजी गेले. त्या दिवशी गावात कुणाच्या घरी चूल पेटली नाही.

पाटील डोळे पुसत म्हणाले, "गुरुजींचा चौथरा बांधू या. आणि दगड आणायचे ते त्यांचा हात लागलेलेच."

सगळ्यांना ते पटले. गुरुमाय काठी टेकीत चावडीवर आली. "बाबांनो, त्यांना बसायला घरचा ओटा होता. दगड पाण्यातच राहू द्या."

"गुरुमाय, पाण्यात लोक त्या दगडांवर पाय देतात. बरं दिसतं का ते?"

"पाय द्यायलाच तर बसवलेत!"

दुःखाने म्हातारीचे चित्त ठिकाणावर नाही, असे लोकांना वाटले. उन्हाळ्यात दगड निघाले. नदी तेव्हा सुतासारखी झाली होती. माणसे कोरड्या खडकावरून येत-जात होती, त्यामुळे कुणाचेच काही अडले नाही. चौथरा सुरेख झाला. त्यावर रोज दिवा लागू लागला, फुले पडू लागली. पुरालाही ज्या दगडांना कधी उखडता आले नव्हते, ते भक्तीने उखडले.

मग पावसाळा आला, आणि गुरुमायने अंथरूण धरले. ती एकच म्हणे, "माझ्या सगुणाला बोलवा."

लोकांनी काठावरून हाका मारल्या. सगुणा धावत पलीकडच्या काठावर आली आणि जागीच थांबली. पाणी गुडघ्याच्या वर होते आणि ओढ अशी, की उभा माणूस आडवा व्हावा.

"दगड कुठं गेले?" ती ओरडली. "काका, बाबांचे दगड कुठं आहेत?"

पाटलांनी मागे वळून चौथऱ्याकडे पाहिले. तिथला दिवा शांत जळत होता. त्यांनी स्वतः पहार आणली आणि चौथरा फोडला. तरण्या पोरांनी दगड पाण्यात नेले. पण कोणता दगड कोणत्या खाचेत बसतो, हे कुणालाच ठाऊक नव्हते. काठाजवळचे कसेबसे टिकले. धारेत टाकलेला एकेक दगड गडगडत वाहून गेला.

घरात गुरुमायने विचारले, "आली का सगुणा?"

उशाशी बसलेली शेजारीण म्हणाली, "नदीपाशी आलीय, माय."

"मग आलीच म्हणायची," गुरुमाय म्हणाली. "ती वाट तिच्या पायांना पाठ आहे." आणि तिने दाराकडे तोंड केले.

सगुणा काठाकाठाने वरच्या गावाकडे निघाली. तिथे होडी होती, पण ते गाव फार लांब होते. ती चिखलाने माखून घरी पोचली, तेव्हा गुरुमायच्या उशाशी दिवा लागला होता. तोंड अजून दाराकडेच होते.

सगुणाने कुणालाही बोल लावला नाही. तेच गावाला जास्त लागले.

पाणी उतरल्यावर पाटील वाडीवर गेले. पागोटे हातात घेऊन ते सगुणापुढे उभे राहिले. "पोरी, आम्हांला माप ठाऊक नाही. तू चाल. तुझं पाऊल पडेल तिथं दगड बसवतो."

सगुणाचे पाऊल आईसारखेच लहान होते. ती चालली. प्रत्येक पावलाला डोळ्यांना पदर लावत चालली. पाटील प्रत्येक दगडावर आधी स्वतः उभे राहिले, आणि जो डगमगला तो काढून त्यांनी पुन्हा बसवला. पुढे दर वर्षी पाणी उतरले की सारे गाव त्या कामाला नदीत उतरू लागले.

चौथऱ्याच्या जागी गवत उगवले. तिथे दिवा लावायला मग कुणी गेले नाही. वाट पुन्हा झाली, पण जिच्या पावलाने ती आखली गेली होती, ती दाराकडे बघतच गेली.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याने आपल्याला वाट करून दिली, त्याची आठवण वाट मोडून नव्हे, वाट राखून करावी.