चार दरवाजे आणि दोनशे पावलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या राजांची नावं त्यांच्या पणतवंडांनाही सांगता आली नसती. तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, राजांची नावं विचारू नका.

एका डोंगराच्या माथ्यावर सपाट मैदान होतं. त्याच्या चार बाजूंना चार राज्यं खाली उतरत गेली होती आणि प्रत्येक राज्याचा एकेक दरवाजा त्या मैदानात उघडत होता. म्हणजे उघडायला हवा होता. एका दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंत दोनशे पावलं, त्याहून जास्त नाही. पण आजोबांच्या आजोबांच्या काळात कसलंसं भांडण झालं होतं. ते कशावरून झालं हे कुणालाच आठवत नव्हतं. दरवाजे बंद ठेवायचे, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं आठवत होतं.

त्यामुळे उत्तरेत लाकूड उदंड, पण आमटीला मीठ नाही. दक्षिणेत मिठाचे ढीग, पण चुलीत घालायला लाकूड नाही. पश्चिमेत घरोघरी कापूस, आणि पूर्वेत औषधी झाडपाला जाणणारी माणसं. ज्याचं जे होतं ते त्याच्याच दाराआड पडून होतं.

शेवटी एकदा चारही राजांना वाटलं, हे काही बरं नाही. हे आधी कुणाला सुचलं ते विचारू नका. चौघंही सांगत, मलाच.

मग दर मार्गशीर्षात तीन दिवस चारही दरवाजे उघडून मैदानात सभा भरायला लागली. पण आत पाऊल आधी कुणी टाकायचं? जो आधी येईल तो गरजू ठरेल. म्हणून असं ठरलं, की नगाऱ्यावर एक टिपरी पडली की चौघांनी एकदम पाऊल टाकायचं. बसायला गोल ओटा बांधला, कारण गोलाला पहिली जागा नसते. पहिली तीन वर्षं अशीच ओट्याची उंची, छत्र्यांचे रंग आणि जेवणाचा बेत ठरवण्यात गेली. बेत उत्तम होता, हे मी कबूल करतो.

चौथ्या वर्षी खरंच मोठं काम झालं. राजांनी ठरवलं, की आता चारही दरवाजे वर्षभर, रोज उगवतीपासून मावळतीपर्यंत उघडे राहतील. कुणीही यावं, कुणीही जावं. हा ठराव दगडावर कोरला. खाली चौघांची नावं गोलाकार कोरली, म्हणजे कुणाचंच पहिलं यायला नको. चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. चौघांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी खोटं नव्हतं.

रोज सकाळी नगारा कोण वाजवणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

दक्षिणेच्या दरवाजावर तुळाजी नावाचा राखणदार होता. त्याचा बाप आणि आजाही त्याच दरवाजावर होते. सभेहून परत निघताना दक्षिणेचा राजा त्याच्यापाशी थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तुळाजी, दार उघडायचंच आहे. पण पहिलं आपलं नको. तिघांपैकी कुणाचाही अडसर निघाल्याचा आवाज आला, की लगेच आपला काढ. दुसऱ्याचं उघडं असेल तोवर आपलंही उघडं ठेव. फक्त पहिलं नको."

"जी महाराज," तुळाजी म्हणाला.

त्याच संध्याकाळी बाकीच्या तीन राजांनीही आपापल्या राखणदाराला हेच सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. चार राजांचं एकमत होत नाही असं कोण म्हणतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे चारही राखणदार अडसरावर हात ठेवून उभे राहिले आणि कान देऊन ऐकू लागले. कुठूनच आवाज आला नाही. सूर्य वर आला, डोक्यावर आला, मावळला. तिसऱ्या दिवशीही तेच, महिन्यानंतरही तेच.

पूर्वेच्या दरवाजावर भिवाजी होता. तुळाजी आणि भिवाजी आपापल्या दरवाजाच्या माचीवर चढले की एकमेकांना दिसत. रोज सकाळी तुळाजी ओरडायचा, "उघडलंस का रं, भिवा?"

"तू उघडलंस का?" भिवाजी ओरडायचा.

मग दोघंही पोट धरून हसायचे. पुढे पुढे ते रामरामासारखंच झालं. लोक भेटले की बरं आहे का विचारतात, तसं हे दोघं विचारायचे, उघडलंस का.

आता तुम्ही म्हणाल, राजांना हे कळलं कसं नाही? अहो, राजे मैदानात यायचे कधी? सभेला. आणि सभेच्या तीन दिवसांत दरवाजे उघडेच असायचे! पाचव्या वर्षी चौघं आले, चारही दरवाजे सताड उघडे बघितले आणि ठराव फळाला आला म्हणून फार सुखावले. समाधानाचा आणखी एक दगड उभा राहिला. सहाव्या वर्षी आणखी एक. आपला दरवाजा बंद असतो हे प्रत्येकाला ठाऊक होतं, पण दुसऱ्यांचेही बंद असतील असं कुणालाच वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, आणि त्यांनी ते मनातल्या मनात दाबलं असेल.

तुळाजीचं घर दरवाजाला लागूनच होतं. घरात त्याची सहा वर्षांची नात होती, सगुणा. तिचे आईबाप ती तान्ही असतानाच गेले होते, त्यामुळे तुळाजीला ती आणि तिला तुळाजी. दाराच्या फटीला डोळा लावून ती विचारायची, "आजा, पलीकडं काय हाय?"

"मैदान हाय."

"मग तिथं खेळायला का न्हाई जायचं?"

"जायचं की. दार उघडलं की जायचं."

"कधी उघडणार?"

"भिवाआजानं उघडलं की."

सगुणा मग फटीत तोंड घालून ओरडायची, "भिवाआजा, उघड की!" आणि पलीकडून भिवाजीचं हसू ऐकू यायचं.

सातव्या वर्षी, सभेला महिना असताना, सगुणाचा घसा सुजला. रात्रभर ताप होता आणि सकाळ झाली तेव्हा तिच्या श्वासाला शिटीसारखा आवाज येत होता. गावातल्या वैद्याने घसा बघितला आणि मान हलवली. "हे माझ्या हातातलं न्हाई. पूर्वेकडं चिमाआत्या म्हणून बाई हाय. ती असल्या घशाला काढा देती आणि पोरं उठून बसत्यात. पण दुपारच्या आत द्यायला पायजे."

तुळाजी धावत माचीवर चढला. "भिवा! आरं भिवा! चिमाआत्याला बोलीव. सगुणाचा घसा धरलाय!"

भिवाजीने माणूस पळवला आणि घटकाभरात चिमाआत्या काढ्याचं मडकं घेऊन पूर्वेच्या दाराशी उभी राहिली. सत्तरीची बाई, आणि काढा सुजलेल्या घशात कसा उतरवायचा हे तिलाच ठाऊक. भिंतीवरून दोराने सोडावं तर कशी सोडणार? ती त्या दारामागे, सगुणा या दारामागे, आणि मधे दोनशे पावलं.

"भिवा, काढ की अडसर!"

"तुळाजीदादा, तू काढ, मी लगेच काढतो! मला पहिला काढायची मनाई हाय!"

"मलाबी हाय रं!"

त्या दिवशी दोघंही हसले नाहीत. दोघंही भली माणसं होती. दोघांनीही आपापल्या राजाकडे घोडेस्वार पाठवला आणि हुकमाची वाट बघत बसले. तुळाजी घरात जायचा, नातीच्या छातीवर हात ठेवायचा आणि पुन्हा दाराशी यायचा. अडसराला हात लावायचा, काढून घ्यायचा. तीन पिढ्यांत त्या घराने राजाचा शब्द मोडला नव्हता. त्याला वाटायचं, आता भिवा उघडेल. भिवाला वाटायचं, नात त्याची आहे, आता तो उघडेल. चिमाआत्या दारावर मुठी आपटून दोघांनाही शिव्या देत होती.

सूर्य डोक्यावर आला. घरातून येणारा शिटीचा आवाज बारीक होत चालला. मग मात्र तुळाजी उठला आणि त्याने दोन्ही हातांनी अडसर ओढला.

खडाड असा आवाज झाला. तो विरतो न विरतो तोच पूर्वेचा अडसर निघाला, उत्तरेचा निघाला, पश्चिमेचाही निघाला. चारही दरवाजे एका दमात उघडले. चारही राखणदार इतकी वर्षं त्या एकाच आवाजासाठी कान लावून बसले होते ना!

चिमाआत्या पदर खोचून धावली. दोनशे पावलं पार करायला तिला कितीसा वेळ लागणार? तिने सगुणाला मांडीवर घेतलं, काढा ओठांना लावला. पण काढा घशाखाली उतरला नाही. उन्हं कलती झाली आणि सगुणा गेली.

"सकाळीच जर..." आत्या म्हणाली, आणि तुळाजीच्या तोंडाकडे बघून तिने पुढचं बोलणं गिळलं.

तुळाजी तिथेच बसून राहिला. मावळतीला दुसऱ्याच शिपायाने दक्षिणेचं दार लावलं, मग बाकीची लागली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. त्यानंतर दोन्ही घोडेस्वार परतले. दोन्ही राजांचा निरोप एकच होता. पहिले उघडू नका.

दक्षिणेच्या राजाने तुळाजीला दरबारात बोलावलं. "तू पहिला अडसर काढलास. आपलं राज्य गरजू ठरलं."

तुळाजी शांतपणे म्हणाला, "महाराज, मी पहिला काढला म्हणून राज्याचं काही गेलं न्हाई. मी उशिरा काढला म्हणून माझी नात गेली. शिक्षा द्यायची तर उशीर केल्याची द्या. तुमच्यासाठी थांबलो, पर थांबलो मीच." आणि मग त्याने सकाळपासून दुपारपर्यंतचं सगळं सांगितलं. चारही दरवाजे कसे एका दमात उघडले, तेही सांगितलं.

राजाने शिक्षा दिली नाही. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

मार्गशीर्ष आला. टिपरी पडली, चौघांनी एकदम पाऊल टाकलं. दक्षिणेच्या राजाने मनाशी ठरवलं होतं, की आज भर सभेत सांगायचं, माझं दार बंद होतं. पूर्वेच्या राजापर्यंतही सगळी हकिगत पोहोचली होती, त्यानेही तेच ठरवलं होतं. एव्हाना उत्तर आणि पश्चिमही सगळं जाणून होते. चौघंही ओट्यावर बसले. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. कुणीतरी सुरुवात करावी, मग मीही बोलतो, असं चौघांच्याही मनात होतं.

तीन दिवस असेच गेले. कुणीच बोललं नाही. शेवटी समाधानाचा आणखी एक दगड तेवढा उभा राहिला.

सभा उठली. दक्षिणेचा राजा आपल्या दरवाजातून परत निघाला. तुळाजी उघड्या फळीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. सभेच्या तीन दिवसांत त्याने अडसर चुलीत घातला होता.

"तुळाजी, दार?" राजाने विचारलं.

"हे आता लागणार न्हाई, महाराज."

राजाने अडसराच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "लाव" असं तो म्हणाला नाही. "उघडं ठेव" असंही म्हणाला नाही. खाली मान घालून तो डोंगर उतरून गेला.

मैदानापलीकडे भिवाजी आपल्या अडसरावर हात ठेवून उभा होता. दुसऱ्याचं उघडं असेल तोवर आपलंही उघडं, हाच त्याला हुकूम होता. उत्तरेलाही तोच, पश्चिमेलाही तोच. तुळाजीचं दार लागलं नाही, म्हणून कुणाचंच लागलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. त्यासाठी कुठल्याही राजाला काही करावं लागलं नाही.

उत्तरेच्या आमटीत मीठ पडलं. दक्षिणेच्या चुली पेटल्या. चिमाआत्या मडकं घेऊन चारही राज्यांत फिरू लागली आणि तिच्या हाताखालून कितीतरी पोरं उठून बसली. संध्याकाळी चारही बाजूंची मुलं मैदानात खेळायला यायची. समाधानाच्या दगडांमागे लपायला त्यांना फार बरं पडायचं.

भिवाजी दोनशे पावलं चालून यायचा आणि तुळाजीशेजारी बसायचा. दोघं मुलांचा खेळ बघायचे, पण "उघडलंस का" असं त्यांनी एकमेकांना पुन्हा कधीही विचारलं नाही. एखादी सहा वर्षांची पोर धावत दरवाजातून गेली, की भिवाजी मुकाट्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.

बोध: सगळ्यांच्या भल्याचं काम आधी आपण करावं, दुसऱ्याने सुरुवात करावी म्हणून थांबण्यात जे गमावलं जातं, ते मागून सगळे दरवाजे उघडले तरी परत येत नाही.