एक कोटी दोन लाडू

ऐका हं पोरांनो, एक होता राजा. त्याला पुऱ्या आकड्यांचं भारी वेड. द्यायचं तर पुरं शंभर, नाहीतर पुरं हजार. वर एक नाही, खाली एक नाही. असा हट्टी!

एकदा काय झालं, त्याची लेक जाई अंगणात खेळत होती. तिथं आला तीन तोंडांचा राक्षस. जाईला मुठीत धरलं आणि जाऊन बसला टेकडीवर. म्हणाला, "लाडू आणा. तीन दिवस देतो. तिन्ही तोंडांना सारखे मिळाले, एकही उरला नाही, तर पोर सोडतो. नाहीतर तिलाच खातो. आणि लाडू मोडायचा नाही!"

होय रे श्रीनू, तुकडे करायचे नाहीत. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मीही आधी तेच म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी राजानं पाठवले पुरे एक लाख. तोंडं खात सुटली. तुला एक, मला एक, त्याला एक. शेवटी उरला एक! मग तिन्ही तोंडांत अशी जुंपली की टेकडी हादरली.

राजाला वाटलं, कमी पडले. दुसऱ्या दिवशी पाठवले पुरे एक कोटी. सगळं राज्य लाडू वळत बसलं, बरं का! कोपरापर्यंत हात तुपात. आणि शेवटी? पुन्हा एकच उरला.

मग पुरोहित म्हणाले, "महाराज, आहेर आपण एकशे एक करतो. तसा वर एक ठेवा, शुभ असतं." तिसऱ्या दिवशी राजा, राणी, लाडू वळणाऱ्या बाया, सगळे पराती घेऊन टेकडीच्या पायथ्याशीच आले. वर गेले एक कोटी एक. आता उरले दोन! दोन तोंडं हसली, तिसरं भोकाड पसरून रडलं. राक्षसानं जाईला धरलेली मूठ तोंडाकडे उचलली.

तेवढ्यात लाडू वळणारी भिमाई धावत पुढे आली. "महाराज, दहातून तीन-तीन काढा, एक उरतो. शंभरातून काढा, एकच. एकावर हवी तेवढी शून्यं मांडा, उरणार एकच! त्यात पुरोहितांचा एक. झाले दोन. आणखी एक द्या!"

"पण कोटीवर दोन? हा कसला आकडा?" राजा म्हणाला.

राणी कडाडली, "जळला तो आकडा! माझी पोर तिथं आहे!"

राजानं स्वतः परात खरवडली. भिमाईनं लाडू वळला आणि दिला भिरकावून. तीन लाडू, तीन तोंडं. गट्टम! एकही उरला नाही. मूठ उघडली आणि जाई घसरत खाली आली, थेट आईच्या कुशीत.

सुटली गं बाई पोर! राणी रडली, राजा रडला, भिमाई तर मटकन खालीच बसली. राक्षस ढेकर देत निघून गेला. मग सगळे सुखात राहिले.

आता तुम्ही डोळे मिटा बघू. लाडू मोजत बसू नका, मी मोजलेत सगळे. बरोबर आहेत.