करंजगडचा सातवा नियम

करंजगडचे राजे त्र्यंबकराज यांनी केसाळ जनावरांच्या पारधीचे अकरा नियम केले आणि अकराही स्वहस्ते लिहिले. त्यांपैकी दहा पाळता येण्याजोगे होते. सातवा असा होता: 'फासात मादी सापडता कामा नये.'

नियम ऐकून भुऱ्या पारध्याने भर दरबारात हात जोडले. "महाराज, फासाला डोळे नसतात. जो पाय पडेल त्यावर तो आवळतो."

"मग डोळे असलेला फास कर!" राजा म्हणाला. "चार दिवसांत माळावरची तीन खोकडं जिवंत आणायची. तिन्ही नर! माझ्या गादीला त्यांच्या कातड्याची झालर लावायची आहे. एक जरी मादी निघाली, तर माळावरचा तुमचा हक्क संपला. पालं उचलायची आणि सीमेपार जायचं."

शिकारखान्याचे दारोगा हैबतराव यांनी मान डोलावली. त्यांची मान राजाच्या प्रत्येक वाक्याला डोलत असे. या वाक्याला ती दोनदा डोलली.

भुऱ्याच्या मागे त्याची लेक रेवली उभी होती. खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, झुबकेदार शेपटीचं, भित्रं जनावर. त्याच्या पावलाचा ठसा पाहून ते पोटभर आहे की उपाशी, हे ती सांगत असे. तिने मनात तिथी मोजली. फाल्गुन अर्धा सरला होता.

"आणू, महाराज," ती म्हणाली.

वाटेत बापाचा तोल सुटला. "पोरी, तुझं डोकं फिरलं काय? आपण फाल्गुनात खोकडाला फास लावत नाही! तुझ्या आज्याने लावला नाही, त्याच्या बापाने लावला नाही!"

"ठाऊक आहे, बा."

"मग?"

"का लावत नाही, ते राजाला ठाऊक नाही."

भुऱ्या थांबला. त्याने लेकीकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि पालावर पोचताच खांबाला गुंडाळून ठेवलेले घोड्याच्या केसांचे फास सोडू लागला.

रेवलीने दोन दिवस एकही फास लावला नाही. ती माळावर नुसती हिंडली. कोणत्या बिळात ताजी पिल्लं आहेत, त्या बिळांपासून कोणती पायवाट निघते आणि कोणत्या बोरीखालून परत येते, एवढंच तिने पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने बिळांपासून लांब, शिकारीच्या वाटांवर फास मांडले. चौथ्या दिवशी दुपारी तीन झाकलेल्या पाट्या दरबारात आल्या.

हैबतरावांनी पाट्यांत डोकावून तपासणी केली. पहिल्या पाटीने त्यांचं बोट चावलं. दुसऱ्या पाटीनेही तेच केलं. तिसरी त्यांनी हातरुमाल गुंडाळून तपासली.

"तिन्ही नर आहेत, सरकार," ते खिन्नपणे म्हणाले.

राजा गादीवरून उठून उभा राहिला. "अगं, फासाला डोळे कुठून आणलेस?"

"फास जुनेच आहेत, महाराज. सांगते, पण आधी एक विचारू? सातव्या नियमात मादीला अभय का दिलंत?"

"सोपं आहे! तिच्यामागे पिल्लं असतात. ती धरली तर पिल्लं उपाशी मरतील. मग पुढच्या वर्षी माळावर उरेल काय?"

"अगदी खरं. म्हणूनच या महिन्यात ती बिळाबाहेर पडत नाही. पिल्लांचे डोळे उघडायचे असतात; ती हलली की घोरपड आत शिरते. शिकारीला नर जातो. मादीचं आणि पिल्लांचं पोट तोच भरतो. त्याच्या वाटेवर फास मांडला, की नरच सापडतो. आपला नियम तंतोतंत पाळला गेला, महाराज."

दरबारात कोणीतरी खोकलं. राजा हळूच खाली बसला.

"म्हणजे आता त्या पिल्लांचं काय?"

"तेच सांगायला आले आहे. तीन बिळं, प्रत्येकात चार पिल्लं. नर महाराजांच्या झालरीला लागले, तेव्हा त्यांचं काम महाराजांच्या शिकारखान्याकडे आलं. रोज दर बिळाला पाच उंदीर, ओंजळभर वाळवी, एखादा सरडा. उंदीर ताजा हवा. वैशाख संपेपर्यंत."

"उंदीर!" हैबतराव उद्गारले. "ते धरणार कोण?"

"दारोगासाहेब. बिळाशी जाताना चारी पायांवर जावं. उभा माणूस दिसला की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. आणि अत्तराचा वास तिला खपत नाही. साहेबांनी वैशाखापर्यंत अत्तर लावू नये. अंघोळही टाळलेली बरी."

"सरकार!" हैबतरावांची मान प्रथमच आडवी डोलली.

"अजून एक," रेवली शांतपणे म्हणाली. "पहिलं जेवण आज सांजेचं आहे. उन्हं कलली, महाराज. साहेबांना निघायला हवं. वाळवी खणायला वेळ लागतो."

राजाने हैबतरावांकडे पाहिलं. त्यांचा जरीचा फेटा, पीळदार मिशा, भरदार पोट आणि फडक्यात बांधलेली दोन बोटं पाहिली. मग तो फेटा चारी पायांवर माळ ओलांडतो आहे, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं. कारण तो प्रथम ओठ दाबून बसला, मग गदगदला, आणि अखेर लोडावर आडवा होऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"सोडा! तिन्ही आताच्या आता जिथे धरले तिथे नेऊन सोडा! माझी गादी झालरीवाचून चालेल. सातवा नियम खोडा. रेवली, त्या जागी काय लिहू?"

"फाल्गुन ते वैशाख फास बंद. नरालाही, मादीलाही."

राजाने तसंच लिहिलं. स्वतःच्या मनगटातलं चांदीचं कडं त्याने रेवलीला दिलं, माळाचा हक्क भुऱ्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या लिहून दिला आणि खाली आणखी एक ओळ जोडली: 'शिकारखान्याचा कोणताही नियम यापुढे रेवलीला दाखवल्यावाचून लागू होणार नाही.'

त्या कागदावर शिक्का उठवायला हैबतराव इतक्या लगबगीने पुढे आले, की त्यांनी तो दोनदा उठवला.