खुरप्याचा पाट

"ऊठ! उतर पाटावरून खाली!" पाटलांची तलवार कडाडली. "आज खंडेनवमी. पूजा शस्त्रांची आहे, गवतकाप्यांची नव्हे!"

लोखंडालाही वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. तलवार लोहाराकडे उजळायला आली होती, आणि लोहाराने पूजेच्या पाटावर तिच्या शेजारीच एक बोथट खुरपं मांडलं होतं.

खुरपं उसळलं. "गनीम आला तेव्हा ह्याच भट्टीत माझा भाला झाला. तीन महिने गडाचा दरवाजा राखला. टोक मोडलं, पण दरवाजा सोडला नाही. तेव्हा तुम्ही कुठे होतात, तलवारबाई?"

"मी पाटलांच्या भिंतीवर! घराण्याची अब्रू राखत होते!"

कोयते आणि पहारी खो खो हसल्या. तलवार आणखीच तापली. "एवढा शूर होतास, तर भालाच का नाही राहिलास? आता बस मेथीच्या वाफ्यात तण उपटत!"

हेच तर खुरप्याला खुपत होतं. परत आल्यापासून गावात कुणी त्याच्या गडाचं नावही काढलं नव्हतं. लोहारीण हळदकुंकवाचं ताट घेऊन येताना दिसली, तसं ते आपणहून पाटावरून सरकू लागलं.

तेवढ्यात म्हातारी ऐरण खणखणली, "बस रे लेकरा तिथंच, आणि तलवारबाई, ऐका, ह्याचा भाला माझ्याच छातीवर दहा घावांत झाला होता, पण लढून आल्यावर पुन्हा खुरपं व्हायला ह्याने शंभर घाव सोसले, तेव्हा पहिलं कुंकू ह्यालाच लागेल!"